तलावातला काढा



चहा गाळला की चोथा गाळणीत राहतो, रंग मात्र कपात उतरतो. गाळणीऐवजी फडकं घेतलं, तरी तो अडत नाही. तलावाच्या पाण्याचंही तसंच असतं.

मुंबईला पाणी देणारे विहार, तुळशी आणि तानसा हे तलाव अनुक्रमे १८६०, १८७९ आणि १८९२ सालचे. तिन्हींच्या भोवती जंगल आहे. उन्हाळाभर तिथं साग, ऐन यांचा पाचोळा साचतो आणि पावसाळा लागला की ओढेनाले त्याचा काढाच तलावात आणतात. गढूळपणा काही दिवसांनी खाली बसतो. अर्क मात्र पाण्यात मुरलेला राहतो. शास्त्रज्ञ त्याला विरघळलेले सेंद्रिय पदार्थ म्हणतात.

हा अर्क तसा विषारी नव्हे. पंचाईत होते ती त्याची क्लोरीनशी गाठ पडल्यावर. १९७४ साली नेदरलँड्समधल्या रॉटरडॅमच्या योहानेस रूक यांनी दाखवून दिलं, की या संयोगातून क्लोरोफॉर्मसारखी संयुगं तयार होतात. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात क्लोरोफॉर्म लिटरला ०.२ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नसावा.

मग क्लोरीन बंद करायचं का? मुळीच नाही. कॉलरा आणि विषमज्वर त्यानंच रोखले आहेत. बदलायचा तो क्रम. क्लोरीनची मुख्य मात्रा देण्याआधी जमेल तेवढा अर्क काढून टाकायचा. तिथं आपली घरगुती तुरटी कामाला येते. प्रयोगशाळेत एकाच पाण्याची सहा भांडी ओळीनं मांडतात, प्रत्येकात तुरटीची मात्रा वेगळी. पाणी हळू ढवळताना कापसासारखे पुंजके धरतात आणि ढवळणी थांबली की ते हळूहळू तळाला जातात. पण नितळ दिसणाऱ्या भांड्यावर लगेच भरवसा ठेवत नाहीत. त्यातून अतिनील किरण सोडून ते किती शोषले जातात हे मोजतात. डोळ्यांना न दिसणारा अर्क तिथं उघडा पडतो.

खरं काम त्याही आधी, तलावाच्या काठावर सुरू होतं. झाडं तोडून हा प्रश्न सुटत नाही. जंगल गेलं तर मातीच तलावात येईल. सांडपाणी आणि खतं मात्र अडवायलाच हवीत. त्यांच्यावर शेवाळ पोसतं आणि ते कुजलं की अर्कात भर पडते. शिवाय उन्हाळ्यात तळाचं पाणी प्राणवायूविना बिघडतं, म्हणून पाणी उचलणाऱ्या मनोऱ्याला वेगवेगळ्या उंचीवर दारं असली, तर चांगल्या थरातलं पाणी निवडून घेता येतं.

पावसाळ्यात घरी गढूळ, पिवळसर पाणी आलं तर तुम्हीही हाच क्रम पाळा. आधी तुरटी फिरवा, पाणी निवळू द्या, वरचं अलगद ओतून घ्या आणि मगच क्लोरीनचे थेंब टाका.