तेरचं कापड आणि राजाचा शिपाई



आपल्या तेरणाकाठच्या तेरचं जुनं नाव तगर. पहिल्या शतकात, सातवाहनांच्या काळात, एका ग्रीक व्यापाऱ्यानं लिहून ठेवलंय: पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर तगर; तिथलं जाडंभरडं कापड आणि मलमल गाड्यांतून, आडरानानं, भडोच बंदराला जातं.

कापड कुठं गेलं हे त्यानं लिहिलं. कापूस पिकवणाऱ्याच्या पदरात काय पडलं, ते नाही लिहिलं. पण नाशिकच्या पांडवलेण्यांत एक लेख कोरलाय. गौतमीपुत्र सातकर्णीनं भिक्षूंना दोनशे निवर्तनं जमीन दिली आणि आपल्या अंमलदाराला हुकूम केला: या रानात शिपायानं शिरायचं नाही, सरकारी माणसानं हात लावायचा नाही, मिठासाठी खणायचं नाही.

आता मला सांगा, भिक्षूंच्या रानाला अशी माफी द्यावी लागली, तर तुमच्या-माझ्यासारख्याच्या रानात काय चालत असेल? माफीचा कागद असा उलटा करून वाचावा.

चीनमध्येही तेच. हान घराण्यानं इसवी सनापूर्वी ११७ च्या सुमारास मीठ आणि लोखंड सरकारजमा केलं. अवजारं महाग झाली, वर ठिसूळ. इसवी सनापूर्वी ८१ मध्ये भर दरबारात वाद झाला. पंडित म्हणाले, गरीब माणूस लाकडानं रान उकरतोय. एवढं होऊन सरकारनं मक्ता सोडला तो मुख्यतः दारूचा. मीठ-लोखंड बहुतेक तसंच राहिलं.