नर्मदाकाठचे बाबा आमटे

(ग्रंथालयाच्या शताब्दीनिमित्त नानाखेडा, उज्जैन येथे झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



माळवा-निमाडातील मराठी माणसाचे नद्यांशी असलेले नाते जुने आहे. राणोजी शिंद्यांचे दिवाण रामचंद्रबाबा सुखटणकर यांनी क्षिप्रेच्या या नगरीत महाकालेश्वराचे मंदिर पुन्हा उभे केले. अहिल्याबाईंनी महेश्वरला नर्मदेचे घाट बांधले. विसाव्या शतकाच्या अखेरीस आणखी एक मराठी माणूस नर्मदेकाठी येऊन राहिला. त्याने मंदिर बांधले नाही, घाटही बांधला नाही. बडवाणीजवळच्या कसरावद या लहानशा गावी तो येऊन राहिला, तेव्हा त्याचे वय पंचाहत्तर होते आणि मणक्याच्या विकारामुळे त्याला बसताही येत नव्हते. उभे राहणे किंवा आडवे होणे, एवढेच त्या देहाच्या हाती उरले होते. हा माणूस म्हणजे मुरलीधर देवीदास आमटे, अर्थात बाबा आमटे.

बाबांचे नाव निघाले की आनंदवन आठवते आणि ते स्वाभाविकच आहे. २६ डिसेंबर १९१४ रोजी हिंगणघाट येथे सुखवस्तू घरात जन्मलेला हा तरुण वकील झाला. शिकारीचा त्याला छंद होता आणि चित्रपटांचीही विलक्षण आवड होती. वरोड्यात असताना भंगीकाम करणाऱ्यांचे दुःख कळावे म्हणून त्याने स्वतः मैला वाहिला. त्याच काळात एका पावसाळी दिवशी रस्त्याकडेला कुष्ठरोगाने सडलेला तुळशीराम त्याला दिसला आणि हा निर्भय माणूस भिऊन पळाला. पळालो, याची लाज त्याला स्वस्थ बसू देईना. तो परतला आणि तुळशीरामाची अखेरची सेवा त्याने केली. त्या परतण्यातून पुढे वरोड्याजवळच्या खडकाळ जमिनीवर, सहा रुग्ण, एक लंगडी गाय आणि चौदा रुपये एवढ्या भांडवलावर आनंदवन उभे राहिले. या कामात बाबांच्या शेजारी साधनाताई प्रथमपासून होत्या.

त्या जमिनीवरील आरंभीचे मोठे काम म्हणजे विहीर खणणे. बाबांवर पुढे ‘विकासाचा विरोधक’ असा शिक्का मारण्यात आला, त्या वेळी ही विहीर फारशी कुणाला आठवली नाही. कुदळीने पाणी काढून ज्याने माळरानावर पिके घेतली, १९६७ मध्ये सोमनाथच्या जंगलात बऱ्या झालेल्या कुष्ठरुग्णांच्या हातांनी ज्याने शेती उभी केली, त्याला पाण्याचे मोल शिकवण्याची गरज नव्हती. त्याचा प्रश्न वेगळा होता. पाणी कुणाच्या श्रमाने आणि कुणाच्या घरावरून आणायचे, हे ठरवताना त्या घरातल्या माणसाला विचारले जाते की नाही?

बाबा कवीही होते. ‘ज्वाला आणि फुले’ हा त्यांचा मुक्तछंदातील संग्रह १९६४ साली प्रसिद्ध झाला. काव्यशास्त्राच्या काट्यावर तोलून त्यात दोष दाखवता येतील; वक्तृत्वाचा आवेश अनेकदा कवितेवर मात करतो, हेही कबूल करावे लागेल. परंतु त्या शब्दांमागे श्रमाने घट्टे पडलेला हात आहे. त्या कवितेतील माती, घाम, झडलेली बोटे ही प्रतिमा म्हणून शोधलेली नाहीत. ती रोजच्या व्यवहारातून आलेली आहेत. लेखकाने लिहिलेल्या शब्दाची किंमत स्वतः मोजावी, या आग्रहातूनच कसरावदचा मार्ग निघतो.

या मार्गाचा पहिला टप्पा गोदावरी आणि इंद्रावतीच्या खोऱ्यात आहे. २३ डिसेंबर १९७३ रोजी हेमलकसा येथे माडिया आदिवासींमध्ये लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला. पुढे त्याच परिसरातील जंगल आणि वस्त्या इंचमपल्ली व भोपालपट्टणम या नियोजित धरणांत बुडणार, हे स्पष्ट होताच १९८० नंतरच्या काळात बाबा त्याविरुद्ध उभे राहिले. ती धरणे आजवर उभी राहिलेली नाहीत. नर्मदेच्या बाबतीत मात्र असे घडायचे नव्हते.

१९८९ च्या सप्टेंबरात निमाडातील हरसूद या गावी देशभरातील कार्यकर्त्यांचा मोठा मेळावा भरला. बाबा तेथे होते. पुढच्याच वर्षी त्यांनी आनंदवन सोडून कसरावद गाठले. १९९० च्या डिसेंबरात बडवाणीच्या राजघाटावरून निघालेल्या संघर्षयात्रेत ते अग्रभागी होते. ही यात्रा फेरकुवा येथे, गुजरातच्या सीमेवर, अडवण्यात आली. १९९१ मध्ये आदिवासींना मिळालेल्या वागणुकीच्या निषेधार्थ बाबांनी पद्मश्री आणि पद्मविभूषण हे दोन्ही सन्मान परत केले. त्याच वर्षी जागतिक बँकेने स्वतंत्र समिती नेमली. १९९२ मध्ये त्या समितीने पुनर्वसनावर आणि पर्यावरणाच्या हानीवर कठोर अभिप्राय दिला आणि १९९३ मध्ये ४५ कोटी डॉलरच्या कर्जाचा उरलेला भाग भारत सरकारने नाकारला.

तरीही धरण झाले. १८ ऑक्टोबर २००० रोजी सर्वोच्च न्यायालयाने बांधकाम पुढे नेण्यास अनुमती दिली. २०१७ मध्ये सरदार सरोवराचे लोकार्पण झाले. ज्या राजघाटावरून यात्रा निघाली होती, तेथील गांधीजींच्या अस्थींचे स्मारकही त्याच वर्षी हलवावे लागले. गुजरातच्या कोरड्या भागांना या धरणाने पाणी दिले, हेही तितकेच खरे आहे आणि ते नाकारून बाबांचा गौरव करण्याचे कारण नाही. मग कसरावदची ती वर्षे व्यर्थ गेली काय?

या प्रश्नाकडे पाहताना दूर उत्तरेकडील एका बेटाचे उदाहरण उद्बोधक ठरेल. आइसलँडमधील कवी आणि लेखक आन्द्री स्नायर माग्नासोन यांनी २००६ मध्ये एक पुस्तक लिहिले. अॅल्युमिनियमच्या कारखान्याला वीज पुरवण्यासाठी काराह्न्यूकार येथे होत असलेल्या धरणाने निर्मनुष्य पठाराचा फार मोठा प्रदेश गिळला जाणार, हे त्यांनी त्यात मांडले. धरण पूर्ण झाले; पण पुस्तक घरोघरी वाचले गेले आणि देशाने आपल्या भूमीकडे कसे पाहावे, याविषयीची चर्चा त्यानंतर पूर्वीसारखी राहिली नाही. पुढे २०१९ मध्ये वितळून संपलेल्या ‘ओक’ नावाच्या हिमनदीच्या जागी जो स्मृतिलेख बसवला गेला, त्याचे शब्दही याच लेखकाचे आहेत. तेथे माणसांची वस्ती नव्हती. नर्मदेच्या काठी शेकडो नांदती गावे होती. हा फरक लहान नाही. मात्र जे बुडाले त्याची नोंद शब्दांनी ठेवणे हे लेखकाचे काम दोन्हीकडे सारखेच आहे.

उज्जैनकरांना ही नोंद विसरणे परवडणारे नाही. २०१४ पासून ओंकारेश्वरच्या जलाशयातील नर्मदेचे पाणी पंपांनी वर चढवून इंदूरजवळच्या उज्जैनी या गावी, क्षिप्रेच्या उगमाशी, सोडले जाते. २०१६ च्या सिंहस्थात लाखो भाविकांनी रामघाटावर डुबकी घेतली, ती या पाण्यात. ओंकारेश्वरच्या वरच्या अंगाला इंदिरासागर आहे आणि त्याच्या पोटात हरसूद आहे. ज्या गावी १९८९ साली तो मेळावा भरला, ते गाव २००४ मध्ये उठले. लोकांनी आपल्या हातांनी आपली घरे पाडली, दारे-चौकटी काढून घेतल्या. २०१२ मध्ये ओंकारेश्वरच्या बुडीत क्षेत्रातील घोघलगावचे स्त्रीपुरुष जमिनीच्या मागणीसाठी सतरा दिवस गळाभर पाण्यात उभे राहिले. रामघाटाच्या पायरीला लागणारे पाणी या गावांवरून आलेले आहे. त्याने पुण्य लाभत असेल, तर ऋणही लाभते.

बाबा कसरावदला दशकभर राहिले. तेथे त्यांनी नवी संस्था काढली नाही. बुडणाऱ्या माणसाच्या शेजारी राहणे, एवढेच त्यांनी केले. तुळशीरामाकडे परतलेला माणूस पुन्हा एकदा पळाला नाही, असे या वर्षांचे वर्णन करता येईल. ९ फेब्रुवारी २००८ रोजी आनंदवनात त्यांचे निधन झाले. त्यांच्या इच्छेप्रमाणे त्यांच्या देहाचे दहन न करता तो तेथल्याच मातीत ठेवण्यात आला.

ग्रंथालय शंभर वर्षे टिकते, ते कपाटांमुळे नव्हे; कुणीतरी पुस्तक मागायला येते म्हणून. या ग्रंथालयाच्या कपाटात ‘ज्वाला आणि फुले’ असेल, तर ते काढून वाचावे. आणि या सभागृहापासून जवळच असलेल्या नानाखेड्याच्या बसस्थानकावरून इंदूरची गाडी धरून, तेथून पुढे बडवाणीपर्यंत एकदा जाऊन यावे. पुस्तक आणि नदी दोन्ही पाहिल्यावाचून या कवीचे वाचन पुरे होत नाही.