लपवलेली वही आणि आपलं वाचन

(स्त्री कार्यकर्त्यांच्या वाचन-मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)

‘अलीकडे काय वाचलंत ते सांगा आणि आम्ही काय वाचावं तेही सांगा,’ असं मला संयोजकांनी सांगितलं आहे. मी चारच पुस्तकांबद्दल बोलणार आहे. त्यातलं एकही नवं कोरं नाही. सर्वांत जुनं १८८२ सालचं आहे, सर्वांत अलीकडचं २००३ सालचं. गेल्या वर्षभरात मी ती वाचली, काही पहिल्यांदा, काही पुन्हा.

जुनी पुस्तकं कशाला, असं कुणी विचारेल. कारण असं की ही नावं आपल्या सगळ्यांना पाठ आहेत. आठ मार्चच्या भाषणात ती येतात, पोस्टरवर येतात. पण पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत किती जणींनी वाचलं असं विचारलं, तर फारसे हात वर होत नाहीत. मी कुणाला दोष देत नाही. शिबिर, मोर्चा, कोर्टाची तारीख, बचतगटाचा हिशेब आणि त्यावर घरचा स्वयंपाक, यात बाईनं वाचायचं कधी? पण हाच वेळेचा प्रश्न या पुस्तकांच्या मुळाशीही आहे. म्हणून प्रत्येक पुस्तकाला मी दोन प्रश्न विचारले. एक, हे या बाईनं कधी, कुठे बसून, कुणाच्या नजरेआड लिहिलं? आणि दोन, तिनं काय लिहिलं नाही?

पहिलं पुस्तक ताराबाई शिंद्यांचं, ‘स्त्रीपुरुष तुलना’. लहानसं आहे, दोन बैठकांत वाचून होतं. ताराबाई वऱ्हाडातल्या बुलढाण्याच्या, सत्यशोधक घरातल्या. १८८१ साली सुरतेला विजयालक्ष्मी नावाच्या तरुण विधवेवर खटला झाला. नवजात मूल मारल्याबद्दल तिला आधी फाशीची शिक्षा झाली, ती पुढे अपिलात कमी झाली. पण वर्तमानपत्रांतून सगळ्या बायकांच्याच चालचलणुकीचा पंचनामा सुरू झाला. त्या विधवेला दिवस कुणामुळे गेले, हा प्रश्न कुणालाच पडला नाही. ताराबाईंना पडला. त्या संतापातून हे पुस्तक झालं.

मला यात सर्वांत जास्त काय आवडलं, तर तिची भांडायची भाषा. ती पुराणातल्या पतिव्रतांची यादी घेते आणि उलटून विचारते. नवऱ्यासाठी यमाच्या मागे जाणारी सावित्री सगळ्यांना ठाऊक आहे. बायकोसाठी गेलेला नवरा कुणी ऐकलाय का, असा तिचा रोख आहे. बायका कपटी, चंचल, अविचारी अशी जी दूषणं दिली जातात, ती एकेक घेऊन ती पुरुषांच्या पदरात टाकते. आज आपण ‘दुहेरी मापदंड’ असा जड शब्द वापरतो. ताराबाईंना तो लागला नाही. विहिरीवर उभी राहून बोलावं तसं ती बोलते.

आणि पुढे काय झालं? तिच्या पुस्तकावर टीका झाली. जोतिबा फुल्यांनी १८८५ मध्ये ‘सत्सार’मधून तिची बाजू घेतली. पण ताराबाईंचं दुसरं पुस्तक आपल्या हाती नाही. हे पुस्तकही विस्मरणात गेलं. १९७५ साली स. गं. मालशे यांनी ते पुन्हा प्रकाशात आणलं. मधली त्र्याण्णव वर्षं मोजा. एवढ्या काळात किती पोरी हे वाचून मोठ्या झाल्या असत्या! बाईनं एकदा लिहिलं म्हणजे काम झालं, असं नसतं. ते छापत राहावं लागतं, वाचत राहावं लागतं, नाहीतर प्रत्येक पिढीला पहिल्यापासून भांडायला सुरुवात करावी लागते.

दुसरं पुस्तक ‘स्मृतिचित्रे’. लक्ष्मीबाई टिळकांचं. १९३४ ते १९३७ या काळात ते चार भागांत आलं, त्यातला शेवटचा त्यांच्या मृत्यूनंतर. या पुस्तकाचं कौतुक शाळेपासून आपण ऐकत आलो आहोत: विनोद किती निर्मळ, भाषा किती साधी. ते खरंच आहे. वाचताना मी मोठ्यानं हसले. पण हसून झाल्यावर जरा थांबा आणि त्या संसाराचा हिशेब मांडा. रेव्हरंड टिळक मोठे कवी, मनानं उदार. हातात पैसा आला की देऊन टाकणारे, मनात आलं की घर सोडून निघून जाणारे. त्या उदारपणाची किंमत कुणी भरली? चूल कुणी पेटती ठेवली? टिळकांनी १८९५ साली ख्रिस्ती धर्म स्वीकारला. बायकोला त्यांनी आधी विश्वासात घेतलं नव्हतं. लहान मूल घेऊन ती वेगळी राहिली, नातेवाइकांच्या आधारानं. हा प्रसंगही लक्ष्मीबाई कुरकुर न करता सांगतात.

म्हणून माझं मत थोडं वेगळं आहे. त्यांचा विनोद म्हणजे नुसता स्वभाव नव्हे. राग थेट मांडायला जागा नसली की बाई तो हसण्यात घालून सांगते. आपल्या आयाही तसंच करत होत्या. ‘आमच्या ह्यांचं काय विचारता’ म्हणून त्या हसायच्या, त्या हसण्यात बरंच काही असायचं.

आणखी एक गोष्ट आपल्या शिबिरांसाठी फार उपयोगाची आहे. लक्ष्मीबाईंच्या वडिलांचं सोवळं टोकाचं, बाजारातून आलेली वस्तू धुऊन घेण्यापर्यंतचं. अशा घरातून आलेली ही बाई जातीची बंधनं एका रात्रीत टाकत नाही. आधी वेगळी चूल, मग वेगळं पाणी, मग त्यातलं एकेक सोडणं. प्रत्येक पायरीवरची आपली घालमेल ती लपवत नाही. ‘आम्ही जात मानत नाही’ असं एका वाक्यात सांगून मोकळं होणाऱ्या आपल्यासारख्या कार्यकर्त्यांनी ही पानं सावकाश वाचावीत.

तिसरं पुस्तक बेबीताई कांबळे यांचं, ‘जिणं आमुचं’. हे १९८२ साली ‘स्त्री’ मासिकातून क्रमशः आलं आणि १९८६ मध्ये पुस्तक झालं. बेबीताई फलटणच्या. त्यांचं छोटं किराणा दुकान होतं. सामान बांधायला रद्दी यायची, ती त्या वाचायच्या. गल्ल्यावर बसून, गिऱ्हाईक नसेल तेव्हा लिहायच्या. आणि ते लिहिलेलं घरात कुणाच्या हाताला लागू नये म्हणून लपवून ठेवायच्या. वर्षानुवर्षं. वीसेक वर्षं ते कागद असे दडून राहिले.

पुस्तकात त्या महारवाड्यातलं जगणं लिहितात. भूक, रोगराई, अंगात येणं, आणि मग बाबासाहेबांच्या विचारानं पेटून उठलेली माणसं. त्यातला सुनांच्या छळाचा भाग वाचताना मला पुस्तक मिटून बाजूला ठेवावं लागलं. कोवळ्या पोरींना दिलेला त्रास, पळून गेलीच तर धरून आणून केलेली शिक्षा. पण बेबीताई सासूला राक्षसीण म्हणून सोडून देत नाहीत. ज्यांना साऱ्या गावानं गुलाम केलं, त्यांनी आपल्या घरात आपल्यासाठी एक गुलाम शोधला, असं त्या दाखवतात. जात आणि पितृसत्ता एकमेकींत कशा गुंतलेल्या आहेत यावर आपण तासन्‌तास अभ्यासवर्ग घेतो. ही बाई ते एका ओसरीवर दाखवते.

आता माझा दुसरा प्रश्न: तिनं काय लिहिलं नाही? ‘जिणं आमुचं’मध्ये बेबीताईंचा स्वतःचा संसार जवळजवळ नाही. २००८ साली या पुस्तकाचा माया पंडित यांनी केलेला इंग्रजी अनुवाद आला. त्याला जोडून बेबीताईंची मुलाखत आहे. त्या मुलाखतीत नवऱ्याचा संशय आणि मारहाण यांबद्दल त्या बोलल्या. पुस्तकात ते का घातलं नाही, याचंही उत्तर त्यांनी दिलं. मला माझ्या समाजाचं दुःख सांगायचं होतं, असा त्याचा आशय आहे.

मैत्रिणींनो, या ठिकाणी घाई करू नका. ‘पाहा, तिनंही लपवलं,’ असं म्हणणं सोपं आहे. पण ज्या समाजाला बाहेरचं जग उठता-बसता नावं ठेवतं, त्या समाजातल्या बाईनं घरातली मारहाण लिहिली, तर ती कोण कशासाठी वापरेल, याचा विचार तिला करावा लागतो. हा विचार करण्याची पाळी सगळ्यांवर सारखी येत नाही. तिच्या मौनाला नावं ठेवण्याआधी आपण ऐकणाऱ्या कशा आहोत, ते तपासायला हवं.

चौथं पुस्तक उर्मिला पवार यांचं ‘आयदान’, २००३ सालचं. आयदान म्हणजे कोकणात बांबूच्या कामट्यांच्या विणलेल्या टोपल्या, सुपं. उर्मिलाताईंची आई ते विणायची. आईचं विणणं आणि आपलं लिहिणं एकाच धाग्याचं आहे, असं लेकीला वाटतं. पुस्तकाची सुरुवातच डोंगर चढून-उतरून रत्नागिरीच्या बाजाराला ओझी नेणाऱ्या बायकांनी होते. त्यांच्या थट्टा, शिव्या, भूक, सगळं त्या चालण्यात येतं.

बेबीताईंनी जे बाहेर ठेवलं, ते उर्मिलाताई आत घेतात. शिकलेला, चळवळीला मानणारा नवरा. पण बायको एम.ए. करायला निघाली, सभांना जाऊ लागली की घराचं काय, हा प्रश्न त्याच्याही तोंडी येतो. त्या स्वतःच्या शरीराबद्दल, मुलाच्या मृत्यूबद्दलही लिहितात. आणि दोन्ही चळवळींना आरसा दाखवतात. दलित चळवळीत बाईचा प्रश्न मागच्या बाकावर आणि स्त्री-चळवळीत दलित बाईचा प्रश्न मागच्या बाकावर. हे वाचून आपल्याला बोचलं पाहिजे. बोचलं नाही, तर नीट वाचलेलं नाही असं समजा.

‘आयदान’बरोबर एक पुस्तक जोडीला ठेवा. उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी १९८९ साली लिहिलेलं ‘आम्हीही इतिहास घडवला’. आंबेडकरी चळवळीत काम केलेल्या स्त्रियांना शोधून त्यांनी मुलाखती घेतल्या. १९४२ साली नागपुरात सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखाली दलित स्त्रियांची परिषद झाली. घटस्फोटाचा हक्क आणि बहुपत्नीकत्वाला बंदी असे ठराव तिथे झाले, कामगार बायकांच्या रजेचाही झाला. आपल्याकडे स्त्रीमुक्तीचा इतिहास सांगताना बहुतेक वेळा १९७५ पासून सुरुवात होते. मग या बायका कुठे गेल्या?

तर मी शिफारस कशाची करते? वेळ अगदी थोडा असेल तर ‘स्त्रीपुरुष तुलना’. घरातल्या सासू-आत्यांनाही ऐकवायचं असेल तर ‘स्मृतिचित्रे’. अभ्यासवर्ग घ्यायचा असेल तर ‘जिणं आमुचं’ आणि ‘आयदान’ एकापाठोपाठ, सुटी नकोत. एकीनं जे सांगितलं नाही आणि दुसरीनं जे सांगितलं, ते समोरासमोर ठेवल्यावरच कळतं.

वाचायचं कसं, तेही सांगते. एकटीनं घरी वाचणं बहुतेकींना जमणार नाही, हे धरून चाला. महिन्याच्या बैठकीतली पहिली तीस मिनिटं मोठ्यानं वाचनाला द्या. हिशेब नंतर. दर वेळी वाचणारी वेगळी. जिला अक्षर येत नाही तिनं ऐकावं, आणि मत पहिलं तिचं घ्यावं. ताईंनी सारांश सांगायचा आणि बाकीच्यांनी माना डोलवायच्या, ही पद्धत बंद करा. मात्र वाचताना एखादीला आपलं काही आठवलं, तर तिला बोलायची जबरदस्ती नको. आणि ती बोललीच, तर ते बैठकीबाहेर जाणार नाही एवढी हमी सगळ्यांनी द्यायची.

एक शेवटची सूचना. गटाच्या ऑफिसात पावतीपुस्तकांचं, हजेरीपटाचं कपाट असतंच. त्यातला एक कप्पा रिकामा करा. त्याला कुलूप लावा. ज्या बाईला घरी वही ठेवता येत नाही, तिनं ती तिथे ठेवावी. तिच्या परवानगीशिवाय ती कुणीही उघडू नये, अध्यक्षांनीही नाही. बेबीताईंना आपले कागद घरात वीसेक वर्षं लपवावे लागले. आपल्या गटातल्या बाईवर ती वेळ येऊ नये, एवढं तर आपण करू शकतो. पुढच्या मेळाव्याला मी विचारणार आहे: किती गटांनी कप्पा केला?