लॉटरीचे द्रव्य आणि दानाचा विधी

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषणाचा मजकूर)

 

लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत, तेथील व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आणि ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयात जैन हस्तलिखितांचा मोठा ठेवा जतन केलेला आहे. सोनेरी शाईने लिहिलेली, चित्रांनी नटलेली कल्पसूत्राची पाने त्यात आहेत. ‘जैनपीडिया’ या उपक्रमाने त्यांतील निवडक पाने संगणकावर आणली आणि जगातील कोणत्याही गावी बसलेल्या श्रावकाला ती पाहता येऊ लागली. हे ज्ञानदानाचे काम निःसंशय मोठे आहे. परंतु या कामाला अर्थसाह्य देणाऱ्यांत ब्रिटनच्या राष्ट्रीय लॉटरीचा वारसा निधी होता, हे कळल्यावर मन क्षणभर थबकते. श्रावकाने त्यागावयाच्या सप्तव्यसनांची नावे पाठशाळेतील मुलालाही पाठ असतात आणि त्यांत द्यूताचे नाव प्रथम येते. सोडतीचे तिकीट हे द्यूताचेच सौम्य रूप आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. मग द्यूताचा निषेध करणारी शास्त्रपरंपरा द्यूताच्याच द्रव्याने जगापुढे आली असे म्हणावे काय?

या प्रश्नाला घाईने उत्तर देण्यापूर्वी ब्रिटनमधील ती व्यवस्था नीट समजून घेणे उचित ठरेल. दान देणारी व दान वाटणारी कोणतीही संस्था तिच्यापासून काही घेऊ शकते आणि काही टाळूही शकते.

इंग्लंडला सोडतीचे वावडे कधीच नव्हते. १७५३ मध्ये ब्रिटिश म्युझियमची स्थापना झाली, ती सोडतीतून उभारलेल्या पैशांवरच. पुढे गैरव्यवहार आणि लोकांची हानी पाहून १८२६ मध्ये सरकारी सोडती बंद झाल्या. त्यानंतर जवळजवळ पावणेदोन शतके सरकारने या मार्गाकडे पाठ फिरविली. १९९३ मध्ये जॉन मेजर यांच्या सरकारने राष्ट्रीय लॉटरीचा कायदा केला आणि १९ नोव्हेंबर १९९४ रोजी पहिली सोडत निघाली. तिकीट एक पौंडाचे होते. एकूणपन्नास अंकांतून सहा अंक निवडावयाचे आणि सहाही जुळले तर पहिले बक्षीस मिळावयाचे. ते जुळण्याची शक्यता १,३९,८३,८१६ मध्ये एक इतकी होती. २०१५ मध्ये अंकांची संख्या एकोणसाठ केली गेली, तेव्हा ती ४,५०,५७,४७४ मध्ये एक इतकी क्षीण झाली. व्यापारी समाजाला हा हिशेब समजावून सांगण्याची गरज नाही. ज्या पेढीवर असा सौदा कोणी मांडील, त्या पेढीची पायरी शहाणा मनुष्य पुन्हा चढणार नाही.

असे असूनही लोकांनी तिकिटे घेतली, कोट्यवधींनी घेतली. आरंभीच्या व्यवस्थेत एका पौंडापैकी सुमारे पन्नास पेन्स बक्षिसांना, बारा पेन्स सरकारी कराला, पाच पेन्स दुकानदाराला आणि पाच पेन्स सोडत चालविणाऱ्या कंपनीच्या खर्चाला व नफ्याला जात. राहिलेले अठ्ठावीस पेन्स ‘सत्कार्यां’साठी राखून ठेवलेले होते. हे अठ्ठावीस पेन्स सरकारच्या सामान्य तिजोरीत मिसळत नाहीत. त्यांचा वेगळा वितरण निधी आहे आणि तेथून ते कला, क्रीडा, वारसा व समाजसेवा या क्षेत्रांतील वाटप मंडळांकडे जातात. १९९४ पासूनच्या पहिल्या तीस वर्षांत या मार्गाने पन्नास अब्ज पौंडांहून अधिक रक्कम वाटली गेली.

मंदिराच्या हिशेबाची ज्यांना सवय आहे, त्यांना ही रचना परकी वाटणार नाही. देवद्रव्य वेगळे, ज्ञानद्रव्य वेगळे, जीवदयेचे खाते वेगळे, साधारण खाते वेगळे. एका खात्याची रक्कम दुसऱ्या खात्याला लावणे हा दोष मानला जातो आणि वर्षअखेरीस वहीवर हात ठेवून मुनीमजींना तो टाळल्याचे सांगावे लागते. ब्रिटनमध्येही असाच एक नियम तत्त्व म्हणून मान्य झाला. जे काम सरकारने कराच्या पैशातून करावयाचे, ते लॉटरीच्या पैशातून करावयाचे नाही. सत्कार्याचा निधी जादा असावा, सरकारी खर्चाचा बदली नसावा.

तत्त्व मान्य झाले, पण त्याची परीक्षा लवकरच झाली. लंडन येथील २०१२ च्या ऑलिंपिक स्पर्धांसाठी लॉटरीच्या निधीतून सुमारे २.२ अब्ज पौंड वळविले गेले. त्यांत २००७ मध्ये समाजसेवेच्या वाट्यातून आणखी ४२ कोटी ५० लाख पौंड घेण्याचा निर्णय झाला. वृद्धांच्या दिवसाकेंद्राला किंवा अपंग मुलांच्या खेळवर्गाला मिळू शकली असती ती रक्कम मैदाने बांधण्यास गेली. धर्मादाय संस्थांनी ती परत मिळावी म्हणून दीर्घ मोहीम चालविली. खात्यांची भेसळ झाली की गाऱ्हाणे कसे उठते, हे कोणत्याही संघाच्या सभेत बसलेल्याला ठाऊक आहे. तेथे फक्त आकड्यांची शून्ये अधिक होती.

समाजसेवेचा वाटा वाटणाऱ्या मंडळाची नावे पुष्कळ बदलली. आरंभी ते राष्ट्रीय लॉटरी धर्मादाय मंडळ होते, २००१ मध्ये कम्युनिटी फंड झाले. २००४ मध्ये दुसऱ्या एका निधीत विलीन होऊन ते बिग लॉटरी फंड म्हणून ओळखले जाऊ लागले आणि २०१९ पासून ते नॅशनल लॉटरी कम्युनिटी फंड आहे. नावांच्या या फेऱ्यात वेळ दवडण्याचे कारण नाही. काम एकच राहिले. गावोगावच्या लहान-मोठ्या संस्थांकडून अर्ज मागवावयाचे, ते तपासावयाचे आणि अनुदान द्यावयाचे. १९९५ मध्ये पहिल्या फेरीचा विषय दारिद्र्य हा ठेवला गेला.

यातील लहान अनुदानांची पद्धत विशेष पाहण्याजोगी आहे. अनेक वर्षे तीनशे पौंडांपासून दहा हजार पौंडांपर्यंतची रक्कम साध्या अर्जावर दिली जात असे. २०२३ मध्ये वरची मर्यादा वीस हजार झाली. वाचनवर्ग, परसबाग, एकाकी वृद्धांसाठी दुपारचे जेवण, अशी कामे त्यात बसतात. अट अशी की, संस्थेला लिखित घटना असावी, तिच्या कार्यकारिणीत परस्परांशी नाते नसलेल्या किमान दोन व्यक्ती असाव्यात आणि बँकेच्या खात्याचा व्यवहारही नाते नसलेल्या दोघांनी मिळून पाहावा. ही अट वाचून हसू येईल, कारण कित्येक ट्रस्टांत अध्यक्ष काका, कोषाध्यक्ष पुतण्या आणि धनादेशावर दुसरी सही वहिनींची असते. काका प्रामाणिक असतात, पुतण्याही असतो. परंतु परक्याने दिलेल्या द्रव्याचा हिशेब घरच्या घरी मिटविता येत नाही, एवढे त्या अटीत सांगितलेले आहे. मंदिरातील पूजा, प्रवचन वा धर्मप्रचार यांना हा निधी पैसा देत नाही. मात्र धार्मिक संस्थेने सर्वांसाठी उघडे ठेवलेले सेवाकार्य असेल, तर तिला अर्ज करता येतो.

वाटपात भूलचुका झाल्या नाहीत असे नाही. पहिल्या काही वर्षांतच एक विषमता लक्षात आली. ज्यांना अर्ज लिहिता येतो, ज्यांच्याकडे शिकलेले चिटणीस आहेत, त्या भागांना अधिक अनुदाने जात. जुन्या कोळसाखाणींचे प्रदेश, जेथे खाणी बंद पडून घरोघर बेकारी आली होती, ते मागे राहत. आणि तिकिटे? ती तर गरीब वस्त्यांत भरपूर विकली जात. कमी उत्पन्नाचा मनुष्य आपल्या मिळकतीचा मोठा हिस्सा सोडतीवर घालवितो, ही टीका तेथील अभ्यासकांनी वारंवार केली आहे. म्हणजे विधवेच्या पिशवीतून निघालेला पौंड सधन गावाच्या नाट्यगृहाला जावा, अशी उलटी गंगा. तिला वळण देण्यासाठी २००२ मध्ये मागे पडलेल्या भागांसाठी ‘फेअर शेअर’ नावाची योजना आखावी लागली.

त्याहून धाडसाचा प्रयोग पुढे झाला. २०१० ते २०१२ या काळात इंग्लंडमधील १५० वस्त्या निवडल्या गेल्या आणि प्रत्येकीसाठी दहा लाख पौंडांहून अधिक रक्कम दहा ते पंधरा वर्षांसाठी बाजूला ठेवली गेली. ‘बिग लोकल’ हे त्या योजनेचे नाव. रक्कम कशावर खर्च करावयाची, हे लंडनहून ठरावयाचे नव्हते. वस्तीतील किमान आठ जणांची समिती आणि तिच्यात रहिवाशांचे बहुमत, एवढीच मुख्य अट. वर्षअखेर रक्कम संपलीच पाहिजे अशी घाई नव्हती, हे त्यातील फार मोलाचे. मार्च महिन्यात अनुदान संपविण्यासाठी खुर्च्या खरेदी करणाऱ्या संस्था ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना या मोकळिकीचे मोल कळेल.

वाटप करणाऱ्याला लोकांचा रोषही सोसावा लागतो. २००२ मध्ये कम्युनिटी फंडाने, देशातून हद्दपार होऊ घातलेल्या निर्वासितांच्या बाजूने लढणाऱ्या एका संघटनेला सुमारे ३ लाख ४० हजार पौंडांचे अनुदान दिले. एका मोठ्या वृत्तपत्राने त्याविरुद्ध मोहीम उघडली, गृहमंत्र्यांनी नापसंती दर्शविली आणि मंडळाकडे संतापाची पत्रे येऊ लागली. लोकांचे म्हणणे असे होते की, तिकीट आम्ही घेतो, तर आमचा पैसा आम्हाला अप्रिय असलेल्या माणसांवर का? यावर मंडळाची बाजू अशी की, दुःखिताची पात्रता लोकप्रियतेने मोजावयाची नसते. पांजरपोळातील लंगड्या बैलाला मतदान करून कोणी चारा घालीत नाही, असे येथील श्रोता त्यावर म्हणू शकेल.

परंतु या वादाच्या मुळाशी असलेला प्रश्न अधिक खोल आहे. या दानात दाता कोण? तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात दानाचे वैशिष्ट्य विधी, द्रव्य, दाता आणि पात्र यांच्या वैशिष्ट्यावरून ठरते असे सांगितले आहे. त्या कसोटीवर ब्रिटिश व्यवस्था ठेवून पाहिली, तर पात्राचा विचार तेथे पुष्कळ झालेला आहे. विधी तर कित्येक धर्मादाय संस्थांना लाजवील इतका काटेकोर आहे. उणीव आहे ती दाता आणि द्रव्य यांच्या ठिकाणी. तिकीट घेणाऱ्याच्या मनात त्याग नसतो, प्राप्तीची आशा असते. बोलीत चढावा घेणारा श्रावक आपले द्रव्य सोडतो आणि संघ त्याची अनुमोदना करतो. मुष्टिफंडात मूठभर धान्य टाकणारी माउली ते कोणाच्या मुखी जाणार हे जाणून टाकते. तिकीट घेणारा मात्र हरतो तेव्हाच त्याच्याकडून दान घडते, आणि तेही त्याच्या इच्छेविरुद्ध. अशा दानाचे पुण्य कोणाच्या खात्यावर जमा करावे?

भारतातील स्थिती निराळी आहे. महाराष्ट्र राज्य लॉटरी १९६९ मध्ये सुरू झाली, केरळची त्याहून दोन वर्षे आधी, १९६७ मध्ये. १९९८ च्या केंद्रीय कायद्यान्वये तिकीटविक्रीचे उत्पन्न राज्याच्या सरकारी खात्यात जमा करावे लागते. स्थानिक संस्थांना अनुदान देणारे स्वतंत्र मंडळ अशी ब्रिटिश धर्तीची रचना येथे रुजली नाही. केरळने २०११ मध्ये ‘कारुण्य’ नावाची सोडत काढून तिचे उत्पन्न गरीब रुग्णांच्या कर्करोग, हृदयविकार, मूत्रपिंडविकार अशा खर्चिक उपचारांना जोडले. हेतू स्तुत्य खरा, पण ज्या घरात रोजची मजुरी तिकिटात जाते, त्याच घरातील रुग्णाला उपचारासाठी त्या पैशातून मदत मिळावी, यात काही चमत्कारिक आहे हे मान्य केले पाहिजे.

राहिला प्रश्न असे द्रव्य स्वीकारण्याचा. हा प्रश्न केवळ जैनांना पडला आहे असे नाही. ख्रिस्ती सेवासंस्था साल्व्हेशन आर्मी हिचा जुगाराला कडवा विरोध आहे. २००२ च्या अखेरीस अमेरिकेत फ्लोरिडा राज्यातील नेपल्स गावी एका भाग्यवान विजेत्याने तिला लॉटरीतून आलेले एक लाख डॉलर दिले. तेथील प्रमुखांनी ते परत केले. ज्यांची घरे जुगाराने मोडली, अशी माणसे आमच्या दाराशी मदतीला येतात. त्यांच्यापुढे या पैशाने जेवण कसे वाढावे, असा त्यांचा विचार होता. त्याच गावातील इतर काही संस्थांनी त्याच माणसाकडून देणगी घेतली. कोणी कोणाला दोष दिला नाही.

हेमचंद्राचार्यांनी योगशास्त्रात सद्गृहस्थाचे पस्तीस गुण सांगताना न्यायाने मिळविलेल्या वैभवाला पहिले स्थान दिले आहे. त्या दृष्टीने पाहता ज्या ट्रस्टला अन्य द्रव्य उपलब्ध आहे, त्याने लॉटरीच्या निधीकडे हात पसरू नये, हेच योग्य दिसते. मात्र ‘जैनपीडिया’च्या कार्यकर्त्यांपुढचा प्रसंग एवढा सरळ नव्हता. तो निधी ब्रिटनमधील सर्व नागरिकांच्या वारशासाठी कायद्याने राखलेला होता. तो जैन हस्तलिखितांना न मिळता, तर दुसऱ्या एखाद्या संग्रहालयाला मिळाला असता. एकही तिकीट त्यामुळे कमी विकले गेले नसते. दुसऱ्या पारड्यात, तो घेतला म्हणून एकही तिकीट अधिक विकले गेले नाही. त्या पानांवरील अक्षरे आज जळगावची विद्यार्थिनी वाचू शकते, नैरोबीतील वृद्ध वाचू शकतात. त्यांनी द्रव्य घेतले, साल्व्हेशन आर्मीने परत केले. या दोन्ही निर्णयांमागे हिशेबाची वही उघडी ठेवून केलेला विचार होता. सुवर्णमहोत्सवानंतर जेव्हा या ट्रस्टच्या विश्वस्तांपुढे एखादी मोठी, पण उगम धूसर असलेली देणगी येईल, तेव्हा सभेच्या इतिवृत्तात केवळ रक्कम न लिहिता ती कोठून आली आणि का घेतली किंवा का नाकारली, हेही दोन ओळींत लिहिले जावे, एवढी विनंती.