सोफ्यावरच्या बायका

चित्रकथा म्हटली की आपल्याला पोरांची पुस्तकं आठवतात. आज आम्ही जिची गोष्ट सांगतोय, ती मोठ्या माणसांसाठी चित्रकथा काढायची. क्लेर ब्रेतेशेर तिचं नाव. फ्रान्समधल्या नांत शहरात १९४० साली जन्मली.

आधी काही महिने शाळेत चित्रकला शिकवली, मग पॅरिसच्या मासिकांसाठी चित्रं काढू लागली. १९६९ मध्ये ‘पिलोत’ साप्ताहिकात तिची राजकन्या आली, सेल्युलाइट. राजकन्या कसली! दिसायला बेताची, आणि राजपुत्राची वाट बघत न बसता स्वतःच नवरा शोधत फिरणारी. नावाचा अर्थही मांडीवर साचणारी चरबी. तेव्हा या धंद्यात बहुतेक सगळे पुरुषच होते.

१९७३ पासून एका मोठ्या राजकीय साप्ताहिकात तिचं पान येऊ लागलं. त्यात घडत काहीच नाही. लांब नाकाच्या दोघी सोफ्यावर लोळतायत आणि बोलतायत. नवरा, मुलं, वजन, क्रांती, बाईचे हक्क. चौकटीमागून चौकट तेच चित्र. एखादा हात हलतो, मान कलते, आणि तेवढ्यावरूनच कळतं की बोलणं एक आहे अन् मनात दुसरंच. बायकांच्या गप्पांना ‘रिकामटेकड्या’ म्हणतात ना? तिनं त्यांचंच पान केलं. गंमत म्हणजे ती ज्यांची टर उडवायची, तेच लोक ते साप्ताहिक वाचायचे. रोलां बार्थ या नामवंत विचारवंतानं तर तिला समाजशास्त्रज्ञ म्हटलं.

आम्हाला मात्र तिची दुसरी गोष्ट जास्त मोलाची वाटते. पुस्तक प्रकाशक छापतो, विकतो आणि चित्रकाराला प्रतीमागे ठरलेला वाटा देतो. माल आपला आणि भाव दुसऱ्याचा, हे आपल्या गटांना काही नवीन नाही. क्लेरनं १९७५ मध्ये आपलं पुस्तक स्वतःच प्रकाशित केलं. प्रती पडून राहिल्या असत्या तर तोटाही तिचाच होता. पण पुस्तकं धडाधड खपली, आणि पुढं कित्येक वर्षं तिनं आपली प्रकाशक आपणच राहायचं ठरवलं.

गरोदर बायांवर, आयांवर तिनं अख्खं पुस्तक काढलं. १९८८ मध्ये आग्रिपीन आली: कॉलर ताठ, आईशी सतत तंडणारी वयात आलेली पोर. २०२० मध्ये क्लेर गेली. आग्रिपीनचं आईशी भांडण पुस्तकांत अजून चालूच आहे.