‘मी बिफोर यू’ आणि दादाचा एक प्रश्न

आज एका कादंबरीबद्दल बोलायचंय. आधीच सांगतो, स्पॉयलर आहेत. शेवटसुद्धा सांगणार आहे.

जोजो मॉइस या ब्रिटिश लेखिकेची ‘मी बिफोर यू’ २०१२ मध्ये आली. लू क्लार्क ही छोट्या गावातली मुलगी. कॅफे बंद पडतो, नोकरी जाते. मग तिला काम मिळतं ते विल ट्रेनरला सोबत करण्याचं, सहा महिन्यांसाठी. विल एकेकाळी लंडनमधला यशस्वी, धडधाकट माणूस. मोटरसायकलच्या धडकेनंतर आता व्हीलचेअरवर, हातापायांत जवळपास बळ नाही. पुढे लूला कळतं की विलने स्वित्झर्लंडला जाऊन आयुष्य संपवायचं ठरवलंय. हे सहा महिने म्हणजे त्याने आईवडिलांना दिलेली मुदत. मग ती त्याचं मन वळवायचा चंग बांधते.

लव्हस्टोरी छानच आहे, रडवते. पण मी अडकलो रेसकोर्सच्या प्रसंगात. लू मोठ्या उत्साहाने विलला घोड्यांच्या शर्यतीला नेते. व्हीलचेअर चिखलात रुतते, रेस्टॉरंटमध्ये प्रवेश मिळत नाही, सगळा विचका होतो. नंतर विल सांगतो, मला शर्यती कधी आवडल्याच नाहीत. तिने विचारलंच नव्हतं.

इथे मी फोन बाजूला ठेवला.

तीन वर्षांपूर्वी बाइकच्या अपघातात माझ्या मोठ्या भावाच्या मणक्याला इजा झाली. कमरेखाली संवेदना नाही. मी पडलो इंजिनिअर! औषधांची एक्सेल शीट केली, रात्री कूस बदलायचे अलार्म लावले. त्याच्या वाढदिवसाला सगळे कॉलेजचे मित्र बोलावले, सरप्राइज म्हणून. दादा हसला, केक कापला. रात्री म्हणाला, “अरे, एकदा विचारायचंस तरी. लघवीची पिशवी भरत आली होती. सगळ्यांसमोर कसं सांगणार?”

मी चिडून बोललो, “मी एवढं करतोय, त्याचं काहीच नाही का?” पुढचे दोन दिवस आम्ही धड बोललो नाही. ते वाक्य अजून टोचतं.

कादंबरीत विल निर्णय बदलत नाही. २०१६ मध्ये सिनेमा आला, तेव्हा अपंगांच्या हक्कांसाठी लढणाऱ्यांनी लंडनमध्ये निदर्शनं केली. अपंगत्वापेक्षा मरण बरं, असा संदेश जातो, हा त्यांचा आक्षेप. मी दादाला पुस्तक वाचायला दिलं आणि विचारलं, तुला काय वाटतं?

तो म्हणाला, “पैसा, नर्स, गाडी, सगळं होतं त्याच्याकडे. पण सगळे त्याला नुसते फिरवत राहिले. कामाला कुणी लावलं नाही. डोकं कामात असलं ना, की मी खुर्ची विसरतो.”

मग मी पहिल्यांदा विचारलं, “तुला काय हवंय?”

“खालच्या तीन पायऱ्यांवर रॅम्प. टपरीवर चहा प्यायला जायचंय. तुझ्याशिवाय.”

आधी वाईट वाटलं. मग हसू आलं. सोसायटीकडे अर्ज गेलाय. मी लिहिणार होतो, पण दादा म्हणाला, माझा अर्ज मीच लिहिणार.

पुस्तक जरूर वाचा, शेवटाशी भांडा. आणि ऐकताना कुणाला स्वतःच्याच मनातलं काही जड वाटलं असेल, तर एकटे राहू नका. टेलि-मानसचा नंबर १४४१६, फोन मोफत आहे.

भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. काळजी घ्या. आणि ज्याची काळजी घेताय, त्याला एकदा विचारा.