इंजिन कुणाचं, जबाबदारी कुणाची?



एखाद्या बंदराचा मोठेपणा सांगायचा, की आपण धक्क्याला केवढं जहाज लागतं ते सांगतो. ज्याचा माल त्या जहाजात आहे, त्याचा प्रश्न मात्र वेगळा असतो. माझा कंटेनर उतरला, आता तो बंदराबाहेर कधी पडणार? याचं उत्तर धक्क्यामागच्या यार्डात, रेल्वेच्या रुळांवर ठरतं.

आपलं न्हावा-शेवा, म्हणजे जवाहरलाल नेहरू बंदर, 1989 साली सुरू झालं. आज ते देशातल्या अग्रगण्य कंटेनर बंदरांपैकी एक आहे. तरीही इथले बहुतेक कंटेनर ट्रेलरवर चढून रस्त्यानेच जातात. पनवेलजवळच्या पळस्पे फाट्यावरून जाणाऱ्या कुणालाही त्या रांगा ठाऊक आहेत. कंटेनरची एक मालगाडी साधारण 45 वाघिणींची असते. प्रत्येक वाघिणीवर वीस फुटी दोन, म्हणजे एका गाडीत 90 कंटेनर. तेवढ्यांसाठी रस्त्यावर निदान 45 ट्रेलर लागतील. मग गाड्या का वाढत नाहीत? रूळ कमी पडतात हे खरंच आहे. पण आज मला बोलायचं आहे ते इंजिनाबद्दल.

यार्डात काय चालतं, ते जरा जवळून पाहू. लांब पल्ल्याची मालगाडी विजेच्या इंजिनावर येते. कंटेनर उचलणारी क्रेन गाडीच्या डोक्यावरून काम करते. त्यामुळे माल चढतो-उतरतो त्या रुळांवर विजेची तार ठेवता येत नाही. तिथे लागतं डिझेलचं शंटिंग इंजिन. ते भरलेला रेक, म्हणजे जोडलेल्या वाघिणींची रांग, आत ढकलतं, रिकामा झाला की बाहेर काढतं, लगेच दुसरा आत घेतं. पॉइंट्समन कपलिंग जोडतो, ब्रेकचे होज पाइप लावतो, झेंडी दाखवतो आणि गाडी पावलापावलाने सरकते. हे एक इंजिन बंद पडलं, की सगळं अडतं. रेक जागेवर उभा राहतो, डेमरेज, म्हणजे गाडी अडकून राहिल्याचा दंड, चढू लागतं, निर्यातीच्या मालाची जहाजावर पोचण्याची वेळ टळते. मग पुढचं जहाज मिळेपर्यंत तो माल आणि त्यात अडकलेला पैसा, दोन्ही पडून.

हे इंजिन बंदराने विकत घ्यावं का? अनेक बंदरं, वीज केंद्रं आणि पोलाद कारखाने ते भाड्याने घेणं पसंत करतात. रेल्वे मंत्रालयाच्या अखत्यारीतली राइट्स ही 1974 साली स्थापन झालेली कंपनी अशी इंजिनं भाडेपट्ट्याने देते आणि त्यांची देखभालही करते. भाडेपट्टा ढोबळमानाने दोन तऱ्हांचा. एकात नुसतं इंजिन मिळतं. चालवणं आणि सांभाळणं घेणाऱ्याकडे. दुसऱ्यात इंजिनाबरोबर चालक आणि देखभालीची माणसंही येतात. भाड्याचा आकडा सगळेच बारकाईने बघतात. पण खरं कलम असतं उपलब्धतेचं. महिन्यातले किती तास इंजिन चालू स्थितीत मिळेल, तेवढं मिळालं नाही तर दंड किती, आणि बदली इंजिन किती वेळात येईल? बिघाडागणिक बिल लावणाऱ्या ठेकेदाराला प्रत्येक बिघाडातून पैसे मिळतात. चालू तासांवर पैसे मिळणाऱ्याला बिघाड होऊच नये असं वाटतं. करारातल्या या एका फरकाने सगळ्या कामाची रीत बदलते.

बिघाड होण्याआधी तो ओळखणं, हे देखभालीचं खरं कसब. डिझेल शेडमध्ये इंजिनातल्या वंगणतेलाचा नमुना काढून प्रयोगशाळेत पाठवतात, आपण रक्त तपासायला देतो तसा. तेलात तांबं किंवा शिसं वाढलं, तर बेअरिंग झिजतंय. सिलिकॉन वाढलं, तर हवेच्या फिल्टरमधून धूळ आत जातेय. सोडियम दिसलं, तर थंड करणारं पाणी कुठेतरी तेलात झिरपतंय. इंजिन बाहेरून ठणठणीत दिसत असतं आणि हा कागद सांगतो, याला शेडमध्ये घ्या. बंदरात खारी हवाही असते. ती विजेच्या जोडण्यांना गंज चढवते. म्हणून किनाऱ्यावरच्या इंजिनाचं वेळापत्रक नागपूरच्या इंजिनावरून जसंच्या तसं उचलून चालत नाही. करारात ते वेगळं लिहावं लागतं.

भाडेपट्टा आपल्या रेल्वेला नवा नाही. 1986 साली इंडियन रेल्वे फायनान्स कॉर्पोरेशन स्थापन झाली. ती भांडवल उभारून इंजिनं, डबे, वाघिणी घेते आणि रेल्वेला दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने देते. देखभालीचे मोठे करार मात्र अलीकडचे. 2015 साली अल्स्टॉम या फ्रेंच कंपनीबरोबर 12,000 अश्वशक्तीच्या 800 इंजिनांचा करार झाला. कारखाना बिहारमध्ये मधेपुऱ्याला, आणि देखभालीचे डेपो सहारनपूरला आणि आपल्या नागपूरला. त्याच वर्षी डिझेल इंजिनांसाठी बिहारमधल्याच मढौऱ्याच्या कारखान्याचा करार झाला. त्यातला देखभालीचा एक तळ गांधीधामला आहे, कांडला आणि मुंद्रा बंदरांच्या अगदी पाठीशी. 2023 साली सीमेन्स या जर्मन कंपनीबरोबर 9,000 अश्वशक्तीच्या 1,200 इंजिनांचा करार झाला. त्यात देखभालीची मुदत 35 वर्षांची आहे आणि देखभालीच्या चार ठिकाणांत पुणे आहे. आज आयटीआयमधून बाहेर पडणारा मुलगा पन्नाशी ओलांडेल, तोवर हा करार चालू असेल.

युरोपात ही पद्धत आणखी पुढे गेली आहे. रॉटरडॅम बंदरातून जर्मनीकडे जाणारी खास मालवाहू रेल्वे, बेटुवेरूट, 2007 साली सुरू झाली. तिची वीज 25,000 व्होल्टची, नेदरलँड्सच्या बहुतेक जुन्या मार्गांची 1,500 व्होल्टची, तर जर्मनीची 15,000 व्होल्टची. तिन्ही ठिकाणी चालणारं इंजिन महाग पडतं. म्हणून छोट्या मालवाहतूक कंपन्या ते देखभालीसकट भाड्याने घेतात आणि बंदरातून गाड्या चालवतात. आपल्याकडे 2006 च्या धोरणाने खासगी कंपन्यांना कंटेनरगाड्या चालवण्याची मुभा मिळाली. वाघिणी त्यांच्या, पण लांब पल्ल्याचं इंजिन, चालक आणि रूळ रेल्वेचेच. त्यामुळे भरलेला रेक तयार असूनही इंजिनाची वाट पाहणं हे त्यांच्या धंद्याचं कायमचं दुखणं आहे. माझं म्हणणं एवढंच आहे, की रेल्वे जसे इंजिन बनवणाऱ्याकडून चालू तास मागते, तसेच मालवाले रेल्वेकडून मागू शकले पाहिजेत. भाडं घेतलं, तर इंजिन ठरल्या वेळी देण्याचं लेखी बंधनही हवं.

आता रुळांकडे वळू. दिल्लीजवळच्या दादरीहून न्हावा-शेव्याला येणारा, फक्त मालगाड्यांसाठीचा पश्चिम समर्पित मालवाहतूक मार्ग सुमारे 1,500 किलोमीटरचा आहे. त्यावर कंटेनरवर कंटेनर रचून गाड्या धावतात. आपल्या वाट्याचा वैतरणा ते न्हावा-शेवा हा टप्पा सगळ्यांत शेवटी राहिला. पालघरच्या वाढवण बंदराची पायाभरणी ऑगस्ट 2024 मध्ये झाली. तिथे तरी धक्का आधी आणि रेल्वे मागून, असं होऊ नये. यार्डात किती शंटिंग इंजिनं लागतील, ती कुणाची असतील, त्यांची शेड किती अंतरावर, हे धक्क्याच्या आराखड्याबरोबरच ठरावं. आणि देखभालीच्या प्रत्येक करारात एक कलम असावं, की स्थानिक मुलांना हे काम मुळापासून शिकवलं जाईल. नागपूरच्या आणि पुण्याच्या तंत्रज्ञाने नुसतं नटबोल्ट आवळू नये. बिघाडाचं निदान त्याचं असावं, आणि इंजिन रुळावर जायला योग्य आहे या दाखल्यावर सहीही त्याचीच असावी. मुदत संपून परदेशी कंपनी निघून जाईल, तेव्हा इंजिनं इथेच राहणार आहेत. ती चालवत ठेवणारे हात तोवर आपले झालेले असले पाहिजेत.